स्टॅन्ली बंधूंचे ब्लूग्रास: घरातले गाणे वाद्यवृंदात कसे आले

अमेरिकेच्या आग्नेय भागातील अ‍ॅपलेचियन डोंगरांत बँजो, फिडल, मँडोलिन आणि गिटार यांच्या साथीने गायले जाणारे ब्लूग्रास संगीत पुष्कळदा शतकानुशतके चालत आलेले लोकसंगीत म्हणून सादर केले जाते. प्रत्यक्षात त्याचे वय जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे आहे. केंटकी राज्यातील रोझीन या खेड्यात १९११ साली जन्मलेल्या बिल मन्रो यांनी १९३९ मध्ये ‘ब्लू ग्रास बॉइज’ या नावाचा वाद्यवृंद उभा केला, त्याच वर्षी नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्यांना प्रवेश मिळाला, आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा नॉर्थ कॅरोलायनातील तरुण बँजोवादक त्यांना येऊन मिळाल्यावर या संगीताचा आज ओळखला जाणारा साचा तयार झाला. त्या साच्याला पुढे मन्रो यांच्या वाद्यवृंदाचेच नाव चिकटले.

म्हणजे हे संगीत रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि मोटारगाडी यांच्या काळात, तिकीट लावून कार्यक्रम करणाऱ्या व्यावसायिक कलावंतांनी घडवले. त्यांनी वापरलेला माल मात्र जुना होता: आईवडिलांच्या तोंडून ऐकलेली कथागीते, चर्चमधील पदे, नाचासाठी वाजणाऱ्या फिडलच्या चाली. जुने गाणे नव्या साच्यात शिरले तेव्हा त्याचे काय झाले, हा ब्लूग्रासमधला खरा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी कार्टर आणि रॅल्फ स्टॅन्ली या दोन भावांचा ‘क्लिंच माउंटन बॉइज’ हा वाद्यवृंद मला सर्वांत उपयोगी वाटतो. साचा मन्रो यांचा होता हे खरे, पण या भावांनी त्यात आपल्या घरचे जेवढे ओतले तेवढे त्या पिढीत क्वचितच कोणी ओतले असेल.

पाच वाद्ये आणि त्यांची कामे

ब्लूग्रासच्या नेहमीच्या वाद्यवृंदात पाच तारांचा बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा डबल बास असतो. काहींमध्ये डोब्रो हा गिटारचा आडवा धरून वाजवायचा प्रकारही असतो. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवण्याची रीत निराळी. मराठी वाचकाने बँजोच्या बाबतीत थोडे सावध राहिलेले बरे. गणेशोत्सवाच्या किंवा वरातीच्या मिरवणुकीत आपल्याकडे जो बेंजो वाजतो तो बटणे दाबून वाजवायचा, जपानी तैशोगोतोच्या कुळातला आहे, आणि अमेरिकन बँजोशी त्याचे नावापलीकडे फारसे नाते नाही.

अमेरिकन बँजोचे मूळ आफ्रिकेत आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडे ताणून आणि त्याला दांडी बसवून जी वाद्ये केली, त्यांतून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत बँजो घडत गेला, आणि एकोणिसाव्या शतकात तो गोऱ्या डोंगरी कुटुंबांच्या घरांपर्यंत पोहोचला. ब्लूग्रासचे वर्णन निव्वळ इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांचा वारसा असे करणारे लेखन हा भाग सोयीस्करपणे गाळते. स्वतः मन्रो यांनीही आपल्या गुरूंमध्ये फिडलवादक मामा पेन व्हँडिव्हर यांच्या जोडीला अर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाचे नाव घेतले आहे.

बँजोची पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून मध्यावर बसवलेली असते, आणि अंगठ्याने छेडली जाणारी ही तार बहुतेक वेळ एकच उंच स्वर देत राहते. तंबोऱ्याच्या तारा गाण्याला जसा स्थिर आधार देतात तसाच आधार ही तार देते, फरक एवढाच की तो चालीच्या खालून न येता वरून येतो. बँजो ऐकताना कानावर जी अखंड झिणझिण येते तिचे हे एक कारण.

ड्रम नसताना ताल कोण धरतो, हा प्रश्न नव्या श्रोत्याला पडतो. चार मात्रांच्या आवर्तनात डबल बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खालचा स्वर देतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवादक तारांवर एक तुटक आघात करून तो लगेच बोटांनी दाबून टाकतो. हा कोरडा आघातच ड्रमची जागा घेतो. गिटार मधली पोकळी भरते आणि गाण्याची ओळ संपली की खर्जाच्या तारांवर छोटीशी सुरावट घेऊन पुढच्या ओळीकडे नेते. बँजो, फिडल आणि मँडोलिन आळीपाळीने पुढे येऊन एकेकदा संपूर्ण चाल आपल्या पद्धतीने वाजवतात आणि पुन्हा मागे जातात. त्या काळी सगळ्यांसाठी मिळून एकच मायक्रोफोन असे, त्यामुळे ज्याची पाळी तो पुढे सरकायचा आणि बाकीचे बाजूला व्हायचे. आवाज कमी-जास्त करण्याचे काम यंत्र न करता माणसांची ये-जा करत असे. विजेवर चालणारी गिटार १९४० च्या दशकात कंट्री संगीतात सर्रास आली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. ती न घेणे ही ब्लूग्रासवाल्यांची निवड होती. डोंगरातल्या गरिबीने लादलेली ती अडचण नव्हती.

स्मिथ रिजवरचे घर

व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला डिकन्सन काउंटी आहे. १८८० साली स्थापन झालेली ही त्या राज्यातील सर्वांत तरुण काउंटी. उभे डोंगर, अरुंद दऱ्या, लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणी हीच तिथल्या जगण्याची साधने. याच भागात कार्टर स्टॅन्ली यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ रोजी आणि रॅल्फ यांचा २५ फेब्रुवारी १९२७ रोजी झाला, आणि स्मिथ रिज या डोंगरसोंडेवर, आईच्या माहेरच्या जमिनीवर दोघे वाढले. वडील ली स्टॅन्ली लाकूड कापण्याच्या धंद्यात होते. त्यांना कोणतेही वाद्य येत नव्हते, परंतु ते जुनी गाणी साथीशिवाय गात असत. आई ल्यूसी बँजो वाजवत असत, आणि त्यांच्या माहेरी भावंडांतही बँजो वाजत असे.

रॅल्फ यांना पहिला बँजो कसा मिळाला याची हकिकत ते आयुष्यभर सांगत आले. आईने त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या: डुकराचे पिल्लू किंवा बँजो. दोहोंची किंमत प्रत्येकी पाच डॉलर, आणि दोन्ही घेण्याइतके पैसे घरात नव्हते. पशुवैद्यकाचे काम शिकण्याचीही त्यांची इच्छा होती, त्यामुळे डुकराचा पर्याय थट्टेचा नव्हता. त्यांनी बँजो घेतला. आईने तो जुळवून दिला आणि एक चाल वाजवून दाखवली; तीच त्यांनी शिकलेली पहिली चाल.

आईची वादनपद्धत ‘क्लॉहॅमर’ या नावाने ओळखली जाते. हाताचा पंजा किंचित वळवून एका बोटाच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली मारायची आणि त्यापाठोपाठ अंगठ्याने पाचवी तार सोडायची, अशी ती रीत आहे. आघात खाली जाणारा असल्यामुळे तिच्यात नाचाचा ठेका आपोआप येतो. स्क्रग्ज यांनी लोकप्रिय केलेली तीन बोटांची पद्धत याच्या उलट आहे: अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर नख्या चढवून तारा सुट्या-सुट्या छेडायच्या, आणि आठ-आठ स्वरांचे अखंड पट्टे विणत त्यांतून चाल वर काढायची. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही नवी पद्धत रेडिओवरून घुमू लागल्यावर रॅल्फ यांनी ती उचलली, कारण ती न येणाऱ्या बँजोवादकाला व्यवसायात जागा राहिली नव्हती. पण त्यांच्या हातात ती स्क्रग्ज यांच्यासारखी गुळगुळीत झाली नाही. त्यांचे वादन अधिक सरळ, टणक आणि घोडीच्या जवळ छेडलेल्या तारांमुळे धारदार होते. अलंकार कमी, रेटा जास्त. आईची जुनी पद्धतही त्यांनी टाकली नाही. म्हातारपणापर्यंत ते कार्यक्रमात एखादी चाल तशी वाजवून दाखवत आणि ती आईकडून आल्याचे श्रोत्यांना सांगत.

वडिलांकडून आलेल्या गाण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दुःखाने गांजलेल्या एका माणसाचा निरोप सांगणारे ‘मॅन ऑफ कॉन्स्टंट सॉरो’ हे गाणे रॅल्फ यांनी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकले, आणि १९५० साली दोघा भावांनी ते कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. गाणे घरचे, यात वाद नाही. परंतु केंटकीतील डिक बर्नेट या अंध गायकाने ते १९१३ च्या सुमारास आपल्या गाण्यांच्या पुस्तिकेत छापले होते, आणि १९२८ मध्ये एमरी आर्थर यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली होती. म्हणजे बाजारातली पुस्तिका, ध्वनिमुद्रिका आणि घरातले तोंडी गाणे यांची देवाणघेवाण आधीच सुरू होती. ‘कौटुंबिक परंपरा’ म्हणजे बाहेरच्या जगाचा वारा न लागलेली ठेव, ही समजूत इथेच मोडते. १९३० च्या दशकात स्टॅन्ली कुटुंबाच्या घरी रेडिओ आला तेव्हा ग्रँड ओल ऑप्रीही घरचीच झाली. त्यांच्या आवडत्या कार्टर कुटुंबाचे संगीतही असेच दोन्हीकडचे होते: ते कुटुंब जवळच्याच स्कॉट काउंटीत क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी राहायचे, आणि १९२७ साली ब्रिस्टल शहरात राल्फ पीर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून देशभर पोहोचले होते. (त्या कुटुंबाचे कार्टर हे आडनाव, कार्टर स्टॅन्ली यांच्याशी त्याचा संबंध नाही.)

चर्चमधून आलेला आवाज

घरातून गाणी आणि बँजो आला, पण स्टॅन्लींचा आवाज कुठून आला याचे उत्तर माझ्या मते चर्चमध्ये आहे. हे कुटुंब प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये जाई. या पंथाच्या उपासनेत कोणतेही वाद्य चालत नाही. पदांच्या पुस्तकात केवळ शब्द असतात, स्वरलेखन नसते. एक जण ओळ झरझर म्हणून देतो आणि मग सगळी सभा तीच ओळ संथ लयीत, एकेका अक्षरावर स्वर वळवत आणि ओढत गाते. पुस्तके महाग आणि वाचता येणारे थोडे, अशा काळात ब्रिटनमध्ये ही रीत सुरू झाली. इतरत्र ती मागे पडली, पण या डोंगरांतील काही चर्चांत टिकली. सगळे एकच चाल गातात, प्रत्येक जण आपापल्या वळणाने. त्यामुळे स्वरांच्या कडा खडबडीत राहतात, आवाज घशातून दाबून येतो, आणि ऐकणाऱ्याला ते शोकगीत वाटते, शब्द आशेचे असले तरी.

रॅल्फ यांचा उंच, कापरा, जराही न गोडवलेला आवाज या पद्धतीतून घडला. स्वराच्या आधी घेतलेला छोटा हेलकावा, ओळीच्या शेवटी आवाजाची अचानक तुटणारी लकेर, गंधाराचा नेमका शुद्ध किंवा नेमका कोमल नसलेला मधलाच स्वर, हे सगळे पियानोच्या साथीने शिकलेल्या गायकाकडे आढळत नाही. कार्टर यांचा आवाज खालच्या पट्टीतला, उबदार आणि बोलका होता; ते मुख्य चाल गात आणि रॅल्फ वरचा आवाज लावत. दोन सख्ख्या भावांचे उच्चार, श्वास आणि स्वर ओढण्याची लकब लहानपणापासून जुळलेली असल्यामुळे हे आवाज एकमेकांत जसे बसत, तसे परक्या गायकाबरोबर बसवायला पुष्कळ मेहनत लागते. सख्ख्या भावांच्या जोड्या त्या काळच्या अमेरिकन संगीतात इतक्या लोकप्रिय का होत्या याचे हेच कारण सांगितले जाते, आणि ते मला पटते.

आता एका तांत्रिक गोष्टीवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण स्टॅन्लींचे खरे योगदान तिथे आहे. आपल्या रागसंगीताच्या मैफलीत एका वेळी एकच चाल चालते. ब्लूग्रासमध्ये दोन, तीन किंवा चार गायक एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावतात आणि ते स्वर मिळून एक स्वरगुच्छ तयार होतो. समजा मुख्य गायक मध्य सप्तकातील षड्जावर आहे. तर त्याच्या वर, गंधारावर ‘टेनर’ असतो, आणि त्याच्या खाली, मंद्र पंचमावर ‘बॅरिटोन’ असतो. मुख्य चाल अशा रीतीने मधोमध राहते आणि दोन्ही बाजूंनी झाकली जाते. चाल हलली की तिघेही आपापले अंतर सांभाळत हलतात.

१९४९ ते १९५२ या काळात कोलंबियासाठी केलेल्या काही ध्वनिमुद्रणांत स्टॅन्लींनी ही रचना बदलली. खाली असलेला बॅरिटोनचा पंचम त्यांनी उचलून एक सप्तक वर नेला आणि तो मँडोलिनवादक पी वी लँबर्ट यांच्याकडे दिला. आता सर्वांत खाली कार्टर यांचा षड्ज, त्यावर रॅल्फ यांचा गंधार, आणि त्याच्याही वर लँबर्ट यांचा पंचम अशी रचना झाली. मुख्य चाल तळाशी गेली आणि तिच्या डोक्यावर दोन उंच आवाज आले. ऐकताना नेमके काय बदलले हे चटकन सांगता येत नाही. पण खालचा आधार निघून गेल्यामुळे सगळे गाणे हवेत तरंगते आहे, असे वाटते. ब्लूग्रासच्या ‘उंच आणि एकाकी’ सुराबद्दल जे नेहमी बोलले जाते त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आणि ही रचना चर्चमधून किंवा आईवडिलांकडून जशीच्या तशी आलेली नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, विचार करून केलेली ती नवी गोष्ट होती.

याच काळात कार्टर यांची गीतरचनाही बहरली. १९४९ च्या एका प्रसिद्ध गीतात त्यांनी आईवडिलांच्या मृत्यूचा आणि ओस पडलेल्या घराचा शोक मांडला, त्या वेळी दोघेही हयात होते. मृत आईवडील, सोडून आलेले गाव आणि परतल्यावर न भेटणारी माणसे हे या गाण्यांचे ठरलेले विषय असतात, आणि नोकरीसाठी डोंगर सोडून उत्तरेकडच्या कारखान्यांत गेलेल्या हजारो माणसांना ते थेट लागू पडत.

रेडिओ, रस्ता आणि मन्रो यांची नाराजी

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर दोघेही सैन्यातून परतले आणि १९४६ च्या अखेरीस त्यांनी आपला वाद्यवृंद सुरू केला. सुरुवात नॉर्टन गावातील लहान केंद्रावर झाली, आणि लगेचच ते ब्रिस्टलच्या डब्ल्यूसीवायबी या नव्या केंद्रावर गेले. ब्रिस्टल हे व्हर्जिनिया आणि टेनेसी यांच्या सीमेवरचे शहर आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्यांची हद्द जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी लागणारा ‘फार्म अँड फन टाइम’ हा कार्यक्रम आसपासच्या पाच राज्यांत ऐकू येई. रेडिओवर गाण्याचा खरा मोबदला केंद्राच्या पगारातून येत नसे. तिथे आगामी कार्यक्रमांची घोषणा करता येई, गाण्यांच्या पुस्तिका विकता येत, आणि मग संध्याकाळी एखाद्या खेड्यातील शाळेच्या सभागृहात तिकीट लावून गाता येई. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ब्रिस्टलला हजर राहायचे. आज ‘प्रादेशिक वाद्यवृंद’ असे आपण ज्याला म्हणतो त्याचा प्रदेश असा ठरत असे: रेडिओ जिथवर ऐकू येतो आणि गाडी जिथून रात्रीत परत येऊ शकते तिथवर.

१९४७ मध्ये त्यांनी जॉन्सन सिटी येथील रिच-आर-टोन या लहान कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. त्यांतच पुढच्या वादाचे बीज होते. घोड्यांच्या शर्यतीवरचे एक गाणे मन्रो ऑप्रीवर गात असत. ते त्यांनी ध्वनिमुद्रितही केले होते, पण कंपनीने अजून बाजारात आणले नव्हते. स्टॅन्लींनी तेच गाणे, मन्रो यांच्याच धाटणीत, १९४८ साली आधी बाजारात आणले. आपली नक्कल झाली या भावनेने मन्रो संतापले, आणि कोलंबियाने स्टॅन्लींशी करार केल्यावर ते ती कंपनी सोडून डेकाकडे गेले. एका माणसाची शैली दुसरे वाजवू लागले तेव्हाच ती शैली एक संगीतप्रकार झाली, असे इतिहासकार या घटनेविषयी म्हणतात. मन्रो यांना त्या क्षणी हे कौतुक वाटण्याचे काही कारण नव्हते. तेढ मात्र फार काळ टिकली नाही; १९५१ मध्ये कार्टर काही महिने मन्रो यांच्या वाद्यवृंदात गायले आणि पुढे दोघांची चांगली मैत्री झाली.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर रॉक अँड रोल आले आणि ध्वनिवर्धकाशिवायच्या वाद्यांना गिऱ्हाईक उरेना. १९५८ मध्ये स्टॅन्ली बंधू फ्लॉरिडातील लाइव्ह ओक येथे राहायला गेले, तिथल्या दूरचित्रवाणीवर एका घरबांधणी कंपनीच्या पुरस्काराने गाऊ लागले, आणि त्याच वर्षी सिनसिनाटीच्या किंग कंपनीत दाखल झाले. किंगचे मालक सिड नेथन यांना गिटारचा सूर अधिक हवा होता. त्यामुळे मँडोलिन आणि फिडल मागे सरले आणि जॉर्ज शफलर यांच्या गिटारला पुढची जागा मिळाली. शफलर एकाच नखीने तीन लगतच्या तारांवर मागे-पुढे फिरत बँजोसारखी अखंड विण निर्माण करत. आज ब्लूग्रास गिटारच्या शिक्षणात ती एक स्वतंत्र पद्धत म्हणून शिकवली जाते. परंपरेचा भाग मानली जाणारी ही गोष्ट एका कंपनीमालकाच्या विक्रीच्या अंदाजातून आली, हे मला फार बोलके वाटते.

एकटे रॅल्फ

१ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, यकृताच्या आजाराने कार्टर यांचे निधन झाले. मंचावर बोलणे, गाणी निवडणे, मुख्य चाल गाणे ही सगळी कामे तेच करत आले होते. रॅल्फ लाजाळू आणि मितभाषी होते. वाद्यवृंद चालू ठेवायचा की नाही याचाच त्यांना प्रश्न पडला होता. त्यांनी तो चालू ठेवला, पण त्याची दिशा बदलली. इतर ब्लूग्रास वाद्यवृंद नव्या पिढीसाठी रॉक आणि जाझकडे झुकत असताना रॅल्फ उलट मागे गेले: अधिक संथ, अधिक कोरडे, चर्चच्या अधिक जवळ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वाद्यांशिवायची धार्मिक गाणी कार्यक्रमांत आणि ध्वनिमुद्रिकांत आणली. तोवर ब्लूग्रासमध्ये असे कोणी करत नव्हते. वाद्यवृंद असताना वाद्ये खाली ठेवायची ही कल्पनाच विचित्र होती. म्हणून, आज ‘डोंगरातला अस्सल जुना सूर’ म्हणून जो रॅल्फ स्टॅन्ली ऐकला जातो तो त्यांच्या तरुणपणीचा नसून चाळिशीनंतर त्यांनी जाणीवपूर्वक निवडलेला आहे. लहानपणी ज्यात सहज वावरलो ते त्यांनी मोठेपणी उचलून मंचावर ठेवले.

या निवडीला जगभर श्रोते मिळाले ते २००० साली. कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या चित्रपटासाठी संगीत संयोजक टी बोन बर्नेट यांना मृत्यूशी संवाद करणारे एक जुने गाणे बँजोच्या साथीने हवे होते. रॅल्फ यांनी ते चर्चमधल्या रीतीने, साथीशिवाय गाऊन दाखवले, आणि तेच कायम झाले. वडिलांकडून आलेले दुःखाचे गाणेही याच चित्रपटात, दुसऱ्या गायकाच्या आवाजात होते. २००२ मध्ये त्या साथीशिवायच्या गायनासाठी रॅल्फ यांना ग्रॅमी मिळाले, वयाच्या पंचाहत्तरीत. त्याआधी १९७६ मध्ये टेनेसीतील लिंकन मेमोरियल विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिल्यापासून डोंगरात सगळे त्यांना डॉक्टर रॅल्फ म्हणूनच ओळखत. २००४ मध्ये क्लिंटवुड गावी त्यांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले, आणि स्मिथ रिजवरच्या जुन्या घराच्या जागी १९७१ पासून दर मे महिन्याच्या शेवटी त्यांनी संगीत महोत्सव भरवला. २३ जून २०१६ रोजी, ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचा मुलगा रॅल्फ दुसरा किशोरवयातच वडिलांच्या वाद्यवृंदात मुख्य गायक झाला होता आणि वडिलांच्या पश्चात क्लिंच माउंटन बॉइजची धुरा त्याने घेतली. परंतु या घराण्याचा वारसा केवळ रक्ताच्या नात्याने पुढे गेला असे म्हणणे अपुरे ठरेल. कार्टर यांच्या रिकाम्या जागी आधी लॅरी स्पार्क्स गायले, नंतर रॉय ली सेंटर्स, ज्यांचा आवाज कार्टर यांच्या इतका जवळ होता की जुने श्रोते चकित होत. १९७० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातील एका कार्यक्रमाला रॅल्फ उशिरा पोहोचले, तेव्हा आतून त्यांना स्वतःचीच जुनी गाणी ऐकू आली आणि कोणीतरी ध्वनिमुद्रिका लावली आहे असे वाटले. गात होते ते पूर्व केंटकीतील दोन शाळकरी मुलगे, कीथ व्हिटली आणि रिकी स्कॅग्ज. दोघांनाही त्यांनी वाद्यवृंदात घेतले. ही मुले स्टॅन्ली कुटुंबातली नव्हती. त्यांनी हे गाणे ध्वनिमुद्रिका घासून घासून आत्मसात केले होते, जसे रॅल्फ यांनी स्क्रग्ज यांचे वादन रेडिओवरून केले होते. पुढे व्हिटली नॅशव्हिलमधील मोठे कंट्री गायक झाले आणि १९८९ मध्ये अकाली वारले. स्कॅग्ज १९८० च्या दशकातील कंट्री संगीतातील यशानंतर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा ब्लूग्रासकडे वळले, आणि स्पार्क्स यांनी स्वतःच्या वाद्यवृंदात कार्टर यांची मुख्य चाल गाण्याची पद्धत अनेक दशके चालू ठेवली.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर कोलंबियाची १९४९ ते १९५२ मधली ध्वनिमुद्रणे आधी घ्यावीत आणि तिसरा, सर्वांत वरचा आवाज कोणता आहे याकडे कान ठेवावा. त्यानंतर रॅल्फ यांची १९७० च्या दशकातील साथीशिवायची गाणी ऐकावीत. दोहोंमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्यांतली अधिक जुनी वाटणारी गाणी नंतरची आहेत.